बटण बंद केल्यावरची वीज



१ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष चाललेल्या 'साइट' या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगासाठी सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी निवडण्यात आली होती. शेजारचा गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी जिल्हा, त्यात होता. पुढे संच घरोघरी पोहोचले आणि दुरुस्तीची दुकानेही निघाली. काचेच्या नळीचे ते संच आता मागे पडले असले, तरी अडगळीत व भंगारात ते अद्याप आढळतात, आणि जिज्ञासू मुलाचा हात प्रथम त्यांच्याच मागच्या झाकणाकडे जातो.

प्लग काढला की धोका टळला, असा सर्वसाधारण समज आहे. दिव्याच्या बाबतीत तो खरा. दूरचित्रवाणी संचाच्या बाबतीत नव्हे. रंगीत संचाच्या चित्रनलिकेला वीस ते पंचवीस हजार व्होल्ट दाब लागतो. तिच्या काचेला आतून व बाहेरून वीजवाहक लेप असतो. १७४५-४६ च्या सुमारास युरोपात तयार झालेल्या 'लायडन बरणी'ची रचना अशीच होती. अर्थात चित्रनलिका ही विजेची बरणीच होय, आणि प्लग काढल्यावरही ती दीर्घकाळ भरलेली राहू शकते. तीतील साठा अल्प असल्याने धक्का सहसा प्राणघातक ठरत नाही. परंतु हात झटक्याने मागे येतो, नळीची मान मोडते, काच अंगावर उडते.

याहून घातक आहे तो दिसण्यात क्षुल्लक असा कपॅसिटर. २३० व्होल्टची घरगुती वीज एकदिश झाली की त्यात सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठतो. अर्थिंग किंवा गळती होताच वीज तोडणारा स्विच येथे कामास येत नाही, कारण हा साठा वायरिंगच्या पलीकडे, यंत्राच्या पोटात असतो. मायक्रोवेव्ह भट्टीत हजारो व्होल्टच्या जोडीला प्रवाहही मोठा असतो. ती तर घरी उघडूच नये.

आज शेतावर सौरपंप आले आहेत. त्यांच्या अनेक नियंत्रकांवर, वीज तोडल्यानंतर काही मिनिटे थांबूनच झाकण उघडावे, अशी सूचना असते, आणि ती बहुधा इंग्रजीत. ती मराठीत व कन्नडात समजावून सांगणे शिक्षकांना सहज शक्य आहे. शिवाय ऊन असेपर्यंत पॅनेलकडून येणाऱ्या तारा जिवंतच राहतात.

जाणता कारागीर एक हात पाठीशी ठेवतो. पाहणाऱ्यास ती ऐट वाटते. पण दोन्ही हात यंत्रात असल्यास प्रवाह छातीतून जातो, आणि एक दशांश अँपिअरही हृदयाची लय बिघडवण्यास पुरेसा होतो. कपॅसिटर योग्य रोधकातून रिकामा करून तो मीटरने तपासावा. खिशातला टेस्टर हा साठा दाखवीलच असे नाही.

कोणी विजेला चिकटल्यास त्यास हात लावू नये. आधी मुख्य स्विच पाडावा. ते न जमल्यास कोरड्या लाकडाने त्यास दूर सारावे. श्वास थांबला असल्यास छातीच्या मध्यभागी जोराने व जलद दाब देत राहावे, दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत दाब देणे थांबवू नये.