परतीची वाट आणि प्रकाशाचा वेग
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील साहित्यसत्रात दिलेले भाषण)



महाराष्ट्रापासून इतक्या दूर, परभाषेच्या गावात, आपण मंडळींनी पन्नास वर्षे एक मराठी अंगण झाडूनपुसून राखले. त्या अंगणात उभे राहून बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी आपला ऋणी आहे. भाषणाचा विषय कळवा, असे कार्यवाहांचे पत्र आले, तेव्हा मी लिहिले : 'युद्धावरून परतलेल्या सैनिकाची विज्ञानकथा, आणि तीही प्रेमकथा.' त्यावर त्यांनी मोठ्या सौजन्याने विचारले, 'यांपैकी नेमका कोणता विषय निमंत्रणपत्रिकेत छापावा?' त्यांचा प्रश्न रास्त होता. विज्ञान, युद्ध आणि प्रेम ही सहसा एका पंक्तीला बसणारी मंडळी नव्हेत. ती बसवायची तर लेखकाने कोणते पथ्य पाळावे, हे मला माझ्याच एका चुकीने शिकविले. तेथूनच आरंभ करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी एक विज्ञानकथा लिहिली होती. तिचा नायक चंद्रावरच्या लढाईतून घरी परततो. रात्री दचकून उठतो, मुलांवर खेकसतो, पत्नीशी दिवसचे दिवस बोलत नाही. अखेर एक शास्त्रज्ञ त्याच्या मस्तकाला एक यंत्र लावतो, युद्धाची स्मृती तेवढी पुसली जाते, आणि पतिपत्नी हसतमुखाने संध्याकाळी फिरावयास निघतात. कथेचे कौतुक झाले. मग एका छावणीच्या गावाहून एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांचे पती सैन्यातून निवृत्त झाले होते. पत्रात स्तुती नव्हती, निंदाही नव्हती. एवढेच लिहिले होते, की तुमचे यंत्र आमच्या घरी आले तरी हे ते लावून घेणार नाहीत. ज्या सोबत्याला ह्यांनी खांद्यावरून खाली आणले, तो आता ह्यांच्या आठवणीखेरीज कोठेच उरलेला नाही. तुमच्या नायकाने आपल्या मित्राला दुसऱ्यांदा मारले, असे मला वाटले.

ते पत्र मी जपून ठेवले आहे. आजचे हे भाषण म्हणजे त्या पत्राला उशिरा दिलेले उत्तर आहे.

उत्तर शोधताना मी ज्या लेखकांकडे वळलो, त्यांत पहिले अमेरिकेचे जो हॉल्डमन. ते भौतिकशास्त्र व खगोलशास्त्राचे पदवीधर. १९६७ साली पदवी हाती पडली आणि पाठोपाठ सक्तीच्या भरतीचा हुकूम आला. व्हिएतनाममध्ये ते सैन्याच्या अभियंता दलात होते, आणि १९६८ साली गंभीर जखमी झाले. परतल्यावर त्यांनी लिहिलेली 'द फॉरएव्हर वॉर' ही कादंबरी १९७४ साली पुस्तकरूपाने आली. विज्ञानसाहित्यातले नेब्युला आणि ह्यूगो हे दोन्ही मोठे मान तिला पुढे लाभले. कादंबरीत व्हिएतनामचे युद्ध नाही. परग्रहवासीयांशी चाललेले, ताऱ्याताऱ्यांमधले युद्ध आहे. परंतु त्याच्या आडून बोलतो तो व्हिएतनामहून आलेला जवानच. नायक मॅन्डेला हा पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी असून त्याच्या आडनावात लेखकाच्या आडनावाची बहुतेक अक्षरे उलटसुलट करून भरलेली आहेत. नायिका मेरीगे पॉटर हीही त्याच्याबरोबरीने लढणारी सैनिक आहे, आणि हे नाव म्हणजे लेखकाच्या पत्नीचे माहेरचे नाव होय.

या कादंबरीचा सारा डोलारा विज्ञानातील एकाच तत्त्वावर उभा आहे. आइनस्टाइन यांनी १९०५ साली दाखविले, की वेगाने जाणाऱ्याचा काळ मागे राहिलेल्याच्या मानाने सावकाश चालतो. ही कविकल्पना नव्हे. १९७१ साली अणुघड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणण्यात आली. पूर्वेकडे गेलेली घड्याळे जमिनीवरील घड्याळापेक्षा सुमारे ५९ अब्जांश सेकंद मागे पडली होती, तर पश्चिमेकडे गेलेली २७३ अब्जांश सेकंद पुढे गेली होती. वेग आणि गुरुत्वाकर्षण या दोहोंचा हिशेब मांडून जे भाकीत केले होते, त्याच्याशी हे आकडे जुळत होते. विमानाच्या वेगात फरक इतका क्षुल्लक. पण प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जाताच तो प्रचंड होतो. म्हणून मॅन्डेला आपल्या आयुष्याची मोजकी वर्षे लढतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर अकरा शतकांहून अधिक काळ लोटतो. मधे एकदा दोघे घरी येतात. भाषा बदललेली, रीतिभाती बदललेल्या, माणसे एक तर गेलेली किंवा अनोळखी झालेली. घरी राहणे असह्य होऊन ती दोघे पुन्हा सैन्यातच परत जातात.

श्रोतेहो, येथे विज्ञानाने काय केले ते पाहा. रणांगणावरून आलेल्या माणसाला आपण आणि घर यांच्यामध्ये जे अंतर जाणवते, ते एरवी डोळ्यांना दिसत नाही. घरचे म्हणतात, 'दोनच वर्षे तर गेला होता.' त्याच्या लेखी एक युग गेलेले असते. हॉल्डमन यांनी त्या अदृश्य अंतराला आकडा दिला. आपण सारे गाव सोडून दूर आलेले लोक आहोत. सुट्टीत गावी गेल्यावर ओळखीची गल्ली परकी वाटण्याचा अनुभव आपणांस नवा नाही. आपल्या त्या हुरहुरीत मृत्यूचे दर्शन नसते, हा भेद मोठा आहे. तरीही 'परत गेलो, पण पोहोचलो नाही' ही व्यथा आपल्या कानांना चटकन कळावी.

आणि प्रेम? ते शेवटच्या पानावर येते. वेगवेगळ्या मोहिमांवर धाडल्यामुळे दोघांची कायमची ताटातूट झालेली असते. युद्ध संपल्यावर मॅन्डेलाच्या हाती एक चिठ्ठी पडते. ती सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी लिहिलेली आहे. मेरीगेने कळविलेले असते, की काही सोबत्यांसह तिने एक अंतराळयान विकत घेतले आहे. ते पाच प्रकाशवर्षे जाते आणि परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. त्यातून दुसरीकडे कोठेच जायचे नाही. बाहेर दहा वर्षे सरतात तेव्हा तिचे वय एका महिन्याने वाढते. मी गणित करून पाहिले : त्यासाठी प्रकाशाच्या वेगाच्या ९९.९९ टक्क्यांहूनही अधिक वेग हवा, आणि अडीचशे वर्षांच्या प्रतीक्षेचे वय भरते अवघे दोन वर्षे आणि एक महिना. ज्या वेगाने दोघांना एकमेकांपासून तोडले, तोच वेग तिने वाट पाहण्याच्या कामी लावला. आपल्याकडे विरहिणी उंबरठ्यावर बसून वाट पाहते; ही विरहिणी प्रकाशाच्या वेगाने धावत वाट पाहते. तिने मॅन्डेलाची जखम बरी केली नाही. त्याला परतण्यासाठी एक जागा राखून ठेवली. माझ्या कथेतले यंत्र आणि हे यान यांमधला फरक मला तेथे प्रथम कळला.

दुसरी लेखिका लॉइस मॅकमास्टर ब्युजोल्ड. त्यांच्या 'शार्ड्स ऑफ ऑनर' या १९८६ सालच्या कादंबरीत परस्परविरोधी पक्षांतील दोन सेनाधिकारी, कॉर्डेलिया आणि आरल, एका निर्मनुष्य ग्रहावर कित्येक दिवस पायी चालतात. बरोबर मेंदूला इजा होऊन वाचा व समज गमावलेला एक तरुण जवान असतो. त्याला टाकून जाण्यास कॉर्डेलिया नकार देते. त्याला भरवीत, धुवीत, हाताला धरून ती त्याला नेते. आरलचे प्रेम तिच्यावर जडते ते या वाटेवर. शत्रूच्या शुश्रूषेतून पारख झालेले ते प्रेम आहे.

पण मला त्याहून जवळचा वाटतो तो दुय्यम पात्र असलेला कूडेल्का. अस्त्राच्या माऱ्याने त्याचे मज्जातंतू जळालेले असतात. शस्त्रवैद्य त्यांच्या जागी कृत्रिम तंतू बसवितात. विज्ञान आपले काम चोख करू पाहते. तरीही त्याचे हातपाय त्याचे ऐकत नाहीत. तो काठी टेकीत अडखळतो, वस्तू पाडतो, आणि आपण निरुपयोगी झालो या विचाराने जिवावर उदार होतो. १९९१ सालच्या 'बरायार' या पुढील कादंबरीत त्याचे मन ड्रूश्नाकोवी या अंगरक्षक तरुणीत गुंतते. ती धडधाकट, शस्त्रविद्येत निपुण; सैन्यात स्त्रियांना प्रवेश नाही म्हणून मनातून खट्टू. प्रत्येकाला वाटते, आपणच दुसऱ्याला अपुरे. दोघे भांडतात, रुसतात, भलते गैरसमज करून घेतात. शेवटी कॉर्डेलिया त्या ग्रहाच्या जुन्या रिवाजाप्रमाणे मध्यस्थ होऊन लग्न जुळविते. परग्रहावरही सोयरीक जुळवायला एक वडीलधारी बाई लागते, हे वाचून मला फार बरे वाटले! कूडेल्काची काठी मात्र लग्नानंतरही सुटत नाही. लेखिकेने ती सुटू दिली नाही, हे तिचे पथ्य.

आता वैद्यकशास्त्र काय म्हणते तेही पाहू. पहिल्या महायुद्धात या दुखण्यास 'शेल शॉक' हे नाव पडले. आजचे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथात १९८० साली आले. त्या महायुद्धातले एक थोर वैद्य म्हणजे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. त्यांचे आपल्या देशाशीही नाते आहे : विसाव्या शतकाच्या आरंभी ते निलगिरीत तोडा लोकांमध्ये राहिले होते आणि त्यांच्याविषयीचा त्यांचा ग्रंथ १९०६ साली प्रसिद्ध झाला. पुढे एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथील युद्धरुग्णालयात त्यांच्याकडे एक अधिकारी आला. स्फोटात छिन्नविच्छिन्न झालेला मित्राचा देह त्याला रोज स्वप्नात दिसे. 'विसरून जा' असेच सर्वांनी त्याला सांगितले होते. रिव्हर्स यांनी उलट सांगितले, की आठवा. पण हेही आठवा, की मृत्यू तत्क्षणी आला, मित्राला वेदना झाल्या नाहीत. काही दिवसांनी त्याला तेच स्वप्न पडले. देह तोच होता, भीती मात्र नव्हती. आप्तांना पाठविण्यासाठी मित्राच्या वस्तू गोळा करीत तो शेजारी गुडघे टेकून बसला होता. प्रत्येक रुग्णाला असे समाधानाचे टोक सापडत नाही, हेही रिव्हर्स यांनी प्रामाणिकपणे नोंदविले.

२००० साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले, की जुनी स्मृती जागी होते तेव्हा ती काही काळ मऊ पडते आणि तिला पुन्हा घट्ट व्हावे लागते. त्या अवधीत तीत बदल घडविता येतो. म्हणजे माझ्या कथेतले यंत्र अगदीच अशक्य नव्हते! खोटे ठरले ते त्याचे काम. स्मृती पुसणे निराळे आणि त्या स्मृतीपाशी कोणाच्या तरी सोबतीने बसता येणे निराळे. वाचक भगिनीने मला जे सांगितले होते, तेच रिव्हर्स यांनी १९१७ साली आपल्या व्याख्यानात सांगून ठेवले होते.

खरे पाहता, आपल्याला हे महाभारताने केव्हाच शिकविले आहे. युद्ध अठरा दिवसांत संपते, पण ग्रंथ संपत नाही. स्त्रीपर्व येते, आणि मग सर्वांत दीर्घ असे शांतिपर्व. जिंकलेला युधिष्ठिर राज्य नको म्हणतो, वनात निघतो. भाऊ समजावितात, आणि द्रौपदी त्याला खडसावते. जिची मुले रात्रीतून मारली गेली, ती स्त्री त्याच्या शोकाला न भिता त्याच्याशी बोलते. व्यासांनी युधिष्ठिराला विस्मृतीचे वरदान दिले नाही.

मराठी विज्ञानकथेने हे दालन अजून पुरते उघडलेले नाही, असे मला वाटते. हॉल्डमन यांची कादंबरी आली त्याच १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक होते नारायण विनायक जगताप. हे टोपणनाव होते डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचे. आद्याक्षरे उलटी वाचली की उलगडा होतो. २०२५ साली ते आपल्यातून गेले. त्यांचे बालपण आणि पदवीपर्यंतचे शिक्षण काशीत झाले. म्हणजे तेही आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर वाढलेले. तेव्हा उद्याचा लेखक किंवा लेखिका या सभागृहात मागच्या रांगेत बसलेली नसेल कशावरून? तिला सांगावेसे वाटते, की सियाचिनवरून किंवा कारगिलवरून आलेला जवान तुझ्या शेजारच्या घरात राहत असेल. त्याला खोदून प्रश्न विचारू नकोस; त्याला बोलावेसे वाटेल तेव्हा ऐक. मग त्याला हवे तर मंगळावर ने, शतकांपलीकडे ने. जेथे नेशील तेथले विज्ञान चोख ठेव. त्याच्या जखमेवर मात्र यंत्राची फुंकर घालू नकोस.

माझी ती जुनी कथा मी आता पुन्हा लिहितो आहे. यंत्र तिच्यात आहे, शास्त्रज्ञही आहे. नायक यंत्राच्या दारापर्यंत जातो आणि परत फिरतो. घरी येऊन तो पत्नीला आपल्या मृत मित्राचे नाव सांगतो. इतक्या वर्षांत प्रथमच. ती आणखी काही विचारीत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या दिव्याशी ती त्या नावाने एक फूल ठेवते. पुढचे मला अजून सुचलेले नाही. पूर्ण झाल्यावर पहिली प्रत त्या छावणीच्या गावी धाडायची, एवढे ठरले आहे.

आपल्या मंडळाचे हे अंगण असेच परतून येणाऱ्यांसाठी राखलेले राहो, त्याचा अमृतमहोत्सवही थाटात होवो, अशी शुभेच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.