काळ्या पिशवीनंतर



मेडिकलच्या दुकानात सॅनिटरी पॅडचं पाकीट मागितलं, की दुकानदार ते आधी वर्तमानपत्रात गुंडाळतो, मग काळ्या पिशवीत घालतो आणि वर गाठ मारून देतो. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, तरी ही काळी पिशवी काही हटलेली नाही! कोरं पाकीट असं दोन-दोन आवरणांत घरी येतं. तेच पॅड वापरून झालं, की कितीतरी घरांतून उघडंच केराच्या डब्यात पडतं. आज या पॅडचा हिशेब मांडायचा आहे. दुकानातल्या पावतीवर तो अर्धाच असतो.

पावतीवरचा अर्धा आधी पाहू. महिन्याला पंधरा पॅड लागतात आणि एकाला सहा रुपये पडतात असं धरलं, तर एका बाईचे वर्षाला हजार-अकराशे रुपये होतात. आई आणि दोन मुली असलेल्या घरात तीन हजारांच्या वर. ज्या घरात आठवड्याचा बाजार पैसे मोजून होतो, तिथे ही रक्कम आई सगळ्यात आधी स्वतःच्या वाट्यातून कापते. सरकारने काही केलं नाही असं नाही. पॅडवरचा बारा टक्के जीएसटी जुलै २०१८ मध्ये गेला. त्याच वर्षी महिला दिनी आपल्याकडे अस्मिता योजना सुरू झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. जनऔषधी केंद्रात २०१९ पासून एक रुपयाला पॅड मिळू लागलं. चांगलंच झालं. पाळीत शाळा बुडवणाऱ्या मुलीला पर्यावरणाचे धडे देत बसू नये, तिला आधी पॅड द्यावं.

पण ते पॅड वापरल्यावर जातं कुठे? वरचा मऊ थर आणि खालचा न गळणारा पापुद्रा, दोन्ही बहुधा प्लास्टिकचे. मध्ये लाकडाचा लगदा आणि पाणी शोषून जेलीसारखी फुगणारी पावडर. संडासात टाकलं तर ते फुगून बसतं आणि ड्रेनेज तुंबतं. पुरलं तर लगदा कुजतो, प्लास्टिक मात्र आपल्या नातवंडांच्या काळातही तिथेच असणार. एका बाईच्या पस्तीस वर्षांच्या पाळीचे, वरच्याच हिशेबाने, सहा हजारांवर पॅड होतात.

आणि जमिनीत जाण्याआधी ते कुणाच्या तरी हातातून जातं. ते पुण्यात नीट पाहायला मिळतं. तिथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. तिचे मालक कचरावेचकच, आणि त्यांत बायकाच जास्त. महापालिकेशी करार करून त्या दारोदार कचरा घेतात. घरटी मिळणारं मासिक शुल्क ही एक कमाई. दुसरी कमाई सुक्या कचऱ्यातल्या भंगाराची: कागद, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा. भंगार विकायचं तर आधी ते हाताने निवडावं लागतं. या निवडण्यात उघडं पॅड आलं, की हात त्यात जातो. जंतुसंसर्गाची भीती आहेच. शिवाय शेजारचा कागद भिजतो, मग त्याचेही पैसे गेले. पॅडला तर भंगारवाला एक पैसा देत नाही. हातमोजे का घालत नाहीत या बायका, असं आपण सहज विचारतो. जाड मोज्यांनी पातळ कागद झरझर निवडून बघा एकदा, तेही मे महिन्यात. त्या बाईलाही पाळी येते, आणि तिला दिवसभरात पॅड बदलायला सोसायटीतला संडास कुणी उघडून देईलच असं नाही.

या बायका गप्प बसल्या नाहीत. वापरलेलं पॅड टाकण्यासाठी त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून विकायला काढल्या. २०१३ मध्ये तर त्यांनी गोळा केलेली पॅड पिशव्यांत भरून ती बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवली. तुमचा माल, तुम्हीच बघा त्याचं काय करायचं ते! इतका सरळ निषेध मी क्वचितच पाहिला आहे. पुढे २०१७ मध्ये लाल ठिपक्याची मोहीम आली. पॅड कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुडी न उघडताच आत काय आहे ते कळतं. साधी गोष्ट आहे. घरोघरी पाळली जातेच असं मात्र नाही.

कायद्याचं म्हणाल, तर २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांना सांगितलं होतं, की पूर्ण पुनर्प्रक्रियायोग्य साहित्य वापरता येईल का ते तपासा, नाहीतर प्रत्येक पॅडसोबत टाकायची पिशवी द्या. तपासा! इतकी मवाळ भाषा घरपट्टी थकवणाऱ्याच्या वाट्याला कधी येत नाही. शाळांतून पॅड जाळायची छोटी यंत्रंही बसवली जातात. आच पुरेशी नसेल, तर प्लास्टिक अर्धवट जळून विषारी धूर मुलींच्याच नाकात जातो.

मग पुन्हा कापड? पाळीच्या कपाची सोय? दोन्ही चांगले पर्याय आहेत. सिलिकॉनचा कप नीट वापरला तर दहा वर्षंही टिकतो, म्हणजे हजारो रुपये वाचतात आणि कचरा जवळजवळ नाहीच. केरळात २०१८ च्या महापुरात मदत छावण्यांतून वापरलेल्या पॅडचं करायचं काय हा प्रश्न पडला. पुढच्या वर्षी अलप्पुळा नगरपालिकेने पाच हजार कप फुकट वाटले, आणि वापर कसा करायचा तेही शिकवलं. शिकवल्याशिवाय कप वाटणं म्हणजे तो कपाटात पडून राहणार. कापडाचं दुखणं वेगळं. ते धुऊन कडक उन्हात वाळवलं तर उत्तम, पण आपल्याकडे ते साडीखाली, नाहीतर न्हाणीच्या कोपऱ्यात दमटच वाळतं.

आणि दोन्हींना पाणी लागतं. ज्या २०१६ मध्ये घनकचऱ्याचे ते नियम आले, त्याच उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं होतं. टँकरची वाट बघणाऱ्या बाईला कापड धुवा, कप उकळा, असं शहरातल्या बाईने सांगू नये. उसाच्या फडावर पाल ठोकून राहणाऱ्या बाईला तर आडोसाही नसतो. ज्यांच्या घरात नळाला पाणी आहे आणि दाराला कडी आहे, त्यांनी जरूर बदल करावा. बाकीच्या बायकांना पॅड लागणारच आहे.

म्हणून ते उचलण्याचा खर्च बनवणाऱ्याने द्यावा, असं मी म्हणते. दर पाकिटामागे ठरावीक रक्कम कंपनीने महापालिकेकडे, नगरपालिकेकडे, ग्रामपंचायतीकडे भरावी, आणि ती जाहिरातीच्या खर्चातून काढावी, पाकिटाची किंमत वाढवून नव्हे. त्या पैशातून प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक वस्तीत वेगळा झाकणाचा डबा ठेवता येईल. पुडी उचलणाऱ्या बाईला त्याच पैशातून किलोमागे दर मिळावा, जसा तिला आज पुठ्ठ्याला मिळतो.