बासष्ट रुपयांची मनिऑर्डर

घरमालक आणि भाडेकरू यांचं भांडण आपल्याला नवं नाही. आज मी आमच्याच घरातली गोष्ट सांगणार आहे.

माझ्या सासूबाई पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहायच्या. भाडं महिना ६२ रुपये. जुने मालक पाच तारखेला पावती घेऊन यायचे, चहा घेऊन जायचे. ते वारले आणि व्यवहार मुलाच्या हाती आला. २००२ साली त्यांनी विहिरीवर मोटार बसवली आणि प्रत्येक बिऱ्हाडाकडे महिना २५० रुपये 'मोटार खर्च' मागितला. सासूबाई म्हणाल्या, "विजेचं बिल दाखवा, माझ्या वाट्याला येतील तेवढे देते." बिल काही दिसलं नाही. पुढच्या महिन्यात मालकांनी ६२ रुपये घेतले आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, 'मोटार खात्यात जमा'. म्हणजे पैसे तर घेतले, पण भाडं थकलं!

१८७२ सालच्या करार कायद्याच्या ५९व्या कलमात याला उत्तर आहे. पैसे देणाऱ्यानं ते कोणत्या देण्यापोटी आहेत हे सांगितलं असेल आणि घेणाऱ्यानं ते स्वीकारले, तर त्याच देण्यात ते जमा करावे लागतात. सासूबाईंना हे कलम ठाऊक नव्हतं. पण पुढच्या महिन्यापासून त्या मनिऑर्डर करू लागल्या आणि कुपनावर लिहू लागल्या, 'जुलै महिन्याचे भाडे'. मनिऑर्डर परत यायची, 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन. कमिशनचे चार रुपये दर वेळी पाण्यात. मीच त्यांना म्हटलं होतं, "आई, देऊन टाका ना अडीचशे. या वयात कशाला कटकट?" त्यांनी उत्तर दिलं नाही. शेरा असलेला कागद बिस्किटांच्या डब्यात ठेवला.

सात कागद जमले आणि नोटीस आली. भाडं थकलं आहे, आठ दिवसांत जागा खाली करा. तीनच दिवसांनी नळ तोडला. एकाहत्तर वर्षांची बाई शेजारून कळशी आणत होती, आणि तीही रात्री, कुणी पाहू नये म्हणून.

वकिलांनी नोटीस बाजूला ठेवली आणि डबा उघडला. त्यांनी जे सांगितलं ते असं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या १५व्या कलमानुसार भाडेकरू प्रमाण भाडं आणि कायद्यानं मान्य केलेली वाढ देत असेल, किंवा द्यायला तयार असेल, तोवर मालकाला जागेचा ताबा मागता येत नाही. भाडं थकलं तरी लेखी मागणीनंतर ९० दिवस गेल्याशिवाय दावा लावता येत नाही. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत थकबाकी, १५ टक्के सरळ व्याज आणि खर्च कोर्टात भरला, तर थकबाकीच्या कारणावरून ताबा जात नाही. आणि पाणी तोडणं? त्याला २९व्या कलमात मनाई आहे. "तयार असणं सिद्ध कसं करायचं, हा इथे नेहमीचा प्रश्न असतो," वकील म्हणाले. "काकूंनी तो पोस्टाकडून सोडवून आणलाय."

पण हे संरक्षण जुन्या भाडेकरूचं. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये. तिथे २४वं कलम लागू होतं. मुदत संपली की जागा सोडावी लागते, नाहीतर दुप्पट शुल्काची भरपाई द्यावी लागू शकते. तरीही दोन गोष्टी त्यांच्या बाजूच्या आहेत. करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय मालकानं स्वतःच कुलूप ठोकून बाहेर काढलं, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या सहाव्या कलमाखाली सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा करता येतो. हल्ली भाडं मोबाइलवरून जातं, पण 'अमुक महिन्याचे भाडे' हे शब्द तिथेही लिहिता येतात.

आमच्याकडे मालकांनी दावा लावलाच. वकिलांच्या सांगण्यावरून सासूबाईंनी सगळं भाडं व्याजासह कोर्टात भरलं. कोर्टाच्या हुकमानं नळ पुन्हा सुरू झाला. दावा मात्र अडीच वर्षं रेंगाळला. तारखेला जायचं, बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. शेवटी एका तारखेला मालकांच्या वकिलांनी मोटारीची वीजबिलं काढली. सात बिऱ्हाडांत भागिले, तर महिन्याला ३८ रुपये पडत होते.

मोटारीचं पाणी आम्हीही वापरलं होतंच. सासूबाईंनी तिथेच मागचा सगळा हिशेब मांडायला लावला, पिशवीतून पैसे काढले आणि मोजून दिले. मालकांनी दावा मागे घेतला. निघताना ते म्हणाले, "काकू, हे आधीच झालं असतं."

"पावती देता ना?" सासूबाईंनी विचारलं.