तक्त्यातला आकडा कुठल्या दिवसाचा?

यजमानाने पाहुण्यांच्या जेवणापुरतेच पाहावे, असा रिवाज आहे. पण रत्नागिरीतल्या या परिषदेचा विषयच खाद्याचा असल्याने थोडी आगळीक करतो.

सागरी सूक्ष्मशैवालात काय असते, असे कुणी विचारले की आपण तक्ता काढतो: कोरड्या वजनात प्रथिने ३० ते ४० टक्के, मेद १० ते २०, कर्बोदके ५ ते १५. आकडे खरे आहेत, पण ते जोमात वाढणाऱ्या कल्चरचे. त्याच फ्लास्कमधले नायट्रेट संपू द्या. पेशींचे विभाजन मंदावते, उजेड मात्र मिळतच असतो. प्रथिने घडवायला नायट्रोजन नाही, म्हणून आत आलेला कार्बन कर्बोदकांत आणि चरबीच्या थेंबांत साठू लागतो. क्लोरोफिल घटते, हिरवेगार नॅनोक्लोरोप्सिस पिवळट पडते. मेद वाढला म्हणून खूश व्हावे, तर वाढ बहुतेक ट्रायग्लिसराइडची. डिंभकांना हव्या असलेल्या ईपीए या मेदाम्लाचा वाटा उलट उतरतो. जैवइंधनवाल्याला हवे ते पीक कालवाच्या डिंभकाला चालेलच असे नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की काढणीचा टप्पा न सांगता दिलेला आकडा अर्धाच असतो.

मग जातीला काहीच महत्त्व नाही का? आहे, आणि भरपूर आहे. ड्युनालिएला टर्शिओलेक्टा कितीही निगुतीने वाढवा, डीएचए हे मेदाम्ल मिळणार नाही. त्यासाठी आयसोक्रायसिस किंवा पॅव्हलोव्हाच हवे. ईपीए हवे तर कीटोसेरॉससारखे डायटम आहेत. नॅनोक्लोरोप्सिसमध्येही ते भरपूर, पण पेशीभित्तिका इतकी चिवट की शिंपल्यांच्या पिल्लांना ते नीट पचत नाही. अमिनो आम्लांची घडण मात्र जातीजातींत फारशी बदलत नाही. थोडक्यात, काय मिळू शकते हे जात ठरवते. त्यातले हाती किती येते, हे कल्चर ठरवते.

हॅचरीचालक म्हणतील, एवढे विश्लेषण कुणाला परवडते? पिल्ले जगली की झाले. पिल्लांचे जगणे ही शेवटची कसोटी, हे मान्य. पण ती मेली तर का मेली, हे ती कसोटी सांगत नाही. शिवाय सगळ्याला प्रयोगशाळा लागते असेही नाही. रोज पेशी मोजाव्यात, वाढीचा आलेख सपाट होण्याआधी काढणी करावी, एकाऐवजी दोन जातींचे मिश्रण द्यावे. आपल्या कोकणात तर हे अधिकच गरजेचे. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडावते, आभाळ दिवसेंदिवस झाकोळलेले असते. गिलार्डचे एफ-बाय-टू हे पोषक माध्यम तेच, माप तेच, तरी उघड्या टाकीतले ऑगस्टचे खाद्य फेब्रुवारीसारखे निघत नाही.

तेव्हा एक विनंती. बाहेर मांडलेल्या पोस्टरांवर प्रत्येक तक्त्याखाली काढणीचा दिवस, उजेड, क्षारता आणि उरलेले नायट्रेट हातानेच का होईना, लिहावे. आणि प्रथिने नायट्रोजनला ६.२५ ने गुणून काढली असतील तर तेही नमूद करावे. त्या गुणाकारात न्यूक्लिक आम्लांचा आणि क्लोरोफिलचा नायट्रोजनही प्रथिनांच्या खात्यात जमा होतो. सूक्ष्मशैवालासाठी पाचाहून कमी गुणक सुचवले गेले आहेत.