शाळेतील जुन्या संगणकाची स्मृती वाढविणे

(भोर व वेल्हे तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपणांपुढे कोणत्याही नव्या योजनेविषयी बोलणार नाही. आपल्या शाळेच्या कोपऱ्यात आच्छादन घालून ठेवलेला जो जुना संगणक आहे, त्याच्याविषयीच चार शब्द बोलावयाचे आहेत. तो चालू होतो, परंतु पडद्यावर चित्र उमटेपर्यंत मुलांचा तास संपतो. यू-डायसची माहिती भरावयाची असली म्हणजे गुरुजी स्वतःच त्याच्यापुढे रात्रीपर्यंत बसतात आणि मुलांची पाळी काही येत नाही. अखेरीस 'निर्लेखनास योग्य' असा शेरा त्याच्या वाट्यास येतो. माझ्या मते असे कित्येक संगणक निकामी झालेले नसतात. त्यांची स्मृती, म्हणजे आपण जिला रॅम म्हणतो ती, कामाच्या मानाने अपुरी पडलेली असते.

ही स्मृती म्हणजे काय, हे शिक्षकास सांगणे सोपे आहे. वर्गातील लोखंडी कपाट आणि भिंतीवरील फळा यांचा विचार करावा. कपाटात वर्षानुवर्षांची पुस्तके राहतात. ती संगणकाची हार्ड डिस्क होय. शिकविताना मात्र उदाहरण फळ्यावरच मांडावे लागते. तो फळा म्हणजे रॅम. फळा लहान असला तर गुरुजींना अर्धे गणित पुसून वहीत टिपावे लागते, वही कपाटात ठेवावी लागते आणि पुन्हा ती आणण्यास धावावे लागते. संगणकही असेच करतो. स्मृती भरली की तो मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो व पुन्हा आणतो. डिस्क स्मृतीपेक्षा फार मंद असल्यामुळे सारे काम अडखळते. फळ्याचा आणखी एक गुण येथे लागू पडतो. वीज गेली की स्मृतीतील मजकूर पुसला जातो. हिर्डस मावळात किंवा तोरण्याच्या पायथ्याशी पावसाळा काढलेल्यांस हे निराळे सांगावयास नको.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाची स्मृती चुंबकी कड्यांची होती व तीत ४० अंकी २,०४८ शब्द मावत. हिशेब केल्यास हे अवघे १०,२४० बाइट होतात. आपल्या कोपऱ्यातील २ जीबीच्या संगणकाची स्मृती त्याच्या दोन लक्ष पटींहून अधिक आहे, तरीही ती अपुरी पडते! कारण आज आपण ज्यातून माहिती भरतो तो ब्राउझरच बहुतेक जागा व्यापतो, आणि प्रत्येक उघडलेले पान त्यात भर घालते.

तेव्हा प्रथम निदान करावे. विंडोज असल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात स्मृती किती भरली आहे ते दिसते. नेहमीचे काम चालू असताना ती काठोकाठ भरत असेल, तर वाढविण्याचा लाभ होईल. ती अर्धी रिकामी असूनही यंत्र मंद असेल, तर दोष बहुधा डिस्कचा समजावा. अशा वेळी स्मृतीवर खर्च न करता हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविणे शहाणपणाचे. दुसरी पाहण्याची गोष्ट प्रणालीची. ती ३२ बिटांची असेल, तर ३२ द्विमान अंकांत ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते लिहिता येतात. म्हणजे ४ जीबीच्या पुढील स्मृती विंडोजच्या अशा साध्या प्रणालीस वापरता येत नाही.

आता खरेदीविषयी. येथे मी स्वतःची चूक सांगतो. एकदा मी काही न पाहता शहरातील दुकानातून 'रॅमची पट्टी द्या' म्हणून एक पट्टी आणली. आमचा संगणक डीडीआर-२ जातीचा, पट्टी डीडीआर-३ जातीची. दोहोंच्या कडेस २४० टोके असतात, लांबीही तीच. केवळ कडेवरील खाच निराळ्या जागी असते. पट्टी बसेना, म्हणून मी जोर केला आणि ती ज्या खोबणीत बसावयाची ती खोबणीच तडकली. घाट उतरून पुन्हा शहरात जाणे आले, ते निराळेच. म्हणून जुनी पट्टी काढून सोबत न्यावी, हा माझा आग्रह आहे. संगणकाच्या नावावरून अनुमान करू नये. जी-४१ या एकाच इंटेल चिपसेटचे मदरबोर्ड डीडीआर-२ घेणारेही आहेत आणि डीडीआर-३ घेणारेही. मदरबोर्ड जास्तीत जास्त किती स्मृती स्वीकारतो, तेही त्याच्या माहितीपत्रकात पाहावे. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती मेजावरील संगणकास चालत नाही.

बसविण्याचे काम दहा मिनिटांचे. विजेची तार काढावी, चालू करण्याचे बटन एकदा दाबून उरलेला भार जाऊ द्यावा, पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हे विसरू नये. पट्टी कडांस धरावी, सोनेरी टोकांस बोट लावू नये. खाच जुळवून दोन्ही टोके सारखी दाबावीत. बाजूची कुलुपे आपोआप मिटतात. चालू केल्यावर पडदा काळा राहून यंत्र शिट्ट्या देऊ लागले, तर घाबरू नये. पट्टी बहुधा नीट बसलेली नसते, किंवा आपल्याकडील दमट हवेने टोकांवर पापुद्रा चढलेला असतो. विद्यार्थ्याचे स्वच्छ, पांढरे खोडरबर घेऊन टोके हलकेच पुसावीत आणि कण झटकून पट्टी पुन्हा बसवावी. कित्येक 'बंद पडलेले' संगणक मी एवढ्यानेच सुरू झालेले पाहिले आहेत, त्यांना नवी पट्टीदेखील लागली नाही.

एक गोष्ट स्मृतीने साधत नाही. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. पट्टी घातल्याने ते परत येत नाही. जुन्या यंत्रावर लिनक्सची एखादी हलकी प्रणाली घालून मुलांना चित्रकला, टंकलेखन व गणिताचे खेळ देता येतात, हा पर्याय विचारात घ्यावा.

खर्चासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्यावा, पावती ठेवावी आणि जडसंग्रह नोंदवहीत संगणकाच्या नोंदीपुढे वाढीव स्मृतीची नोंद करावी. काढलेली जुनी पट्टी फेकू नये. कागदात गुंडाळून, तिच्यावर जात व क्षमता लिहून केंद्रशाळेत ठेवावी; पलीकडच्या वाडीवरील शाळेच्या संगणकात तिचीच जागा रिकामी असण्याचा संभव आहे.