डोळ्यावरचं ढक्कन

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरातल्या कोनाड्यात प्लास्टिकची एक छोटी, पारदर्शक वाटी ठेवलेली आहे. लांबट गोल, बारीक भोकं पाडलेली. गेल्या हिवाळ्यात अम्माच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यातून ती मिळाली. डॉक्टर तिला ‘शील्ड’ म्हणतात, अम्मा ‘ढक्कन’ म्हणते. आज या ढक्कनाबद्दलच बोलायचं आहे. विषय किरकोळ वाटेल, पण आमच्या घरानं त्याची किंमत मोजली आहे.

१९९४ साली अब्बांचं ऑपरेशन एका शिबिरात झालं. तेव्हा बुबुळाच्या कडेला मोठी चीर देऊन मोतीबिंदू काढत आणि टाके घालत. मी नुकताच बी.ए. झालो होतो. घरातला शिकलेला म्हणून देखभाल माझ्याकडे आली. तिसऱ्या दिवशी पहाटे वजू करताना पट्टी भिजली. शिबिर उठून गेलं होतं. मी ओली पट्टी काढली, घरातल्या कापसाचा बोळा डोळ्यावर ठेवला आणि वरून रुमाल घट्ट बांधला. हात धुतले होते की नाही, आठवत नाही. दुसऱ्या दिवशी डोळा ठणकायला लागला. ‘टाके ओढत असतील’ म्हणत आम्ही आणखी दोन दिवस काढले. तोवर आत पू झाला होता. तो डोळा गेला. संसर्ग कशानंही होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. अब्बा त्यानंतर अकरा वर्षं जगले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. तो रुमाल मात्र मी विसरलेलो नाही.

म्हणून या वेळी मी नर्सबाईंना सगळं खोदून खोदून विचारलं. पट्टी आणि शील्ड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. डोळ्याजवळ इंजेक्शन देऊन भूल दिली असेल, तर काही तास पापणी नीट मिटत नाही. तेव्हा ती मिटवून वर निर्जंतुक, मऊ पट्टी ठेवतात, नाहीतर बुबुळ कोरडं पडतं. नुसत्या थेंबांनी भूल दिली असेल, तर बहुधा पट्टी लागतच नाही. पट्टी बंद पाकिटातलीच हवी. भिजली की ती बाद. दवाखान्यात विचारूनच दुसरी लावायची. सुटा कापूस डोळ्यावर ठेवायचा नाही, त्याचे तंतू चिकटतात.

शील्डचं काम राखणीचं. आता चीर बरीच लहान असते आणि बहुतेक वेळा टाकाही लागत नाही. पण झोपेत हात नकळत डोळ्याकडे जातो आणि चोळला की ती कोवळी जखम उघडू शकते.

लावण्याची रीत सोपी आहे. आधी साबणानं हात धुवून स्वच्छ कपड्यानं कोरडे करायचे. मग थेंब. खालची पापणी हलकेच ओढायची, बाटलीचं तोंड पापणीला लागू द्यायचं नाही. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्यायची. नंतर डोळा अलगद मिटायला सांगायचं. शील्डची कड वर भुवईच्या हाडावर आणि खाली गालाच्या हाडावर टेकली पाहिजे, डोळ्यावर दाब नको. पापण्यांचे केस घासत असतील तर दुसऱ्या मापाची मागावी. चिकटपट्टी कपाळापासून गालापर्यंत तिरपी लावायची. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, त्यांना कागदी पट्टी बरी. तीही हळूहळू सोडवायची. सकाळी शील्ड साबणानं धुवून वाळवायची. किती रात्री लावायची ते डॉक्टर सांगतील. अम्माला आठवडाभर सांगितलं होतं.

अम्माची खरी अडचण नमाजाची. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, काही दिवस वाकायचं नाही, मग वजू आणि सजदा कसा करायचा? मोहल्ल्यातल्या मौलानांनी सांगितलं, पाण्यानं अपाय होत असेल तर तिथं पाणी घालायची सक्ती नाही आणि आजाऱ्यानं बसून, इशाऱ्यानं नमाज पढावी. शेजारच्या खाटेवरच्या आजींनाही तोच घोर होता, विठोबाच्या तसबिरीपुढं डोकं टेकायचं कसं? अम्मानं त्यांना सांगितलं, “बसून हात जोडा, पोचतं.”

सुरमा, काजळ, मध, गुलाबपाणी यांपैकी काहीही डोळ्यात घालायचं नाही. आणि दुखणं वाढलं, लाली वाढली, पू दिसला किंवा दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सकाळची वाट पाहायची नाही.

सहाव्या रात्री अम्मानं विचारलं, “रोज तूच का लावतोस? सून लावेल की.” मी गप्प राहिलो. थोड्या वेळानं तीच म्हणाली, “अब्बांचं आठवतं ना तुला?” मी चिकटपट्टीचं टोक दाबून बसवलं. ती म्हणाली, “त्यांना माहीत होतं, तू त्यांच्या भल्यासाठीच बांधलं होतंस.”

तीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अम्मा आता सुईत दोरा स्वतः ओवते. पुढच्या महिन्यात डावा डोळा आहे. तुमच्याही घरी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर सुटी मिळण्याआधी नर्सबाईंसमोर एकदा ते ढक्कन आपल्या हातानं लावून पाहा. मी पाहिलं होतं. पहिल्या वेळी चुकलंच होतं.