वाळवीचा जबडा
(मासिक बैठकीतलं बोलणं)

ताईंनो, मागच्या महिन्यात आमच्या गटाची आंब्याच्या फळ्यांची पेटी उचलली, अन् तळच हातात आला! वरून रंग शाबूत, आतून पोकळ. खाली खसखशीसारखे दाणे सांडलेले. मातीचा पदर कुठंच नाही, म्हणजे ही कोरड्या लाकडातली वाळवी. कर्जाच्या वहीचा कोपराही खाल्लेला. आकडे वाचले म्हणून बरं.

एवढासा मऊ किडा फळी कशी चावतो? वाळवी कात टाकते तेव्हा जबडाही नवा येतो. तो आधी पांढरा, मऊ असतो. मग त्यातली प्रथिनं एकमेकांत घट्ट सांधली जातात, जबडा काळपट होतो. तोवर तिला चावता येत नाही. बाकीच्या तिला भरवतात, बाळंतिणीसारखं! शिवाय या वाळवीच्या जबड्याच्या धारेत जस्त साठतं. होय, आपल्या बादलीवर मुलामा असतो तेच जस्त. त्यानं जबडा सुमारे 20 टक्के जास्त कठीण होतो.

तेव्हा घरी गेल्यावर गटाची पेटी बोटानं ठोकून बघा. पोकळ वाजली तर वह्या आजच पत्र्याच्या पेटीत हलवा.